ब्लेड बदलू नका, आधी नोड मोजा

पारोळ्याच्या भाऊंनी लिहिलंय, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून नंदी कोरलमध्ये (कोरलड्रॉ, चित्र काढायचं सॉफ्टवेअर) ट्रेस केला, म्हणजे फोटोवरून आपोआप रेषा काढून घेतल्या, पण रेडियम (स्टिकरचा चिकट कागद) कापताना प्लॉटर, म्हणजे कापायचं मशीन, अडखळतो, कडा दातेरी येतात, ब्लेड बदललं तरी तेच. भाऊ, चोपड्याला दुकान नवीन होतं तेव्हा हेच मी भोगलंय.

शेप टूलवर डबल क्लिक करा, सगळे नोड (रेषेला आकार देणारे ठिपके) सिलेक्ट होतील; खाली स्टेटस बारमध्ये आकडा दिसेल. माझ्या बैलाच्या एका शिंगावर चाळीसच्या वर नोड निघाले होते. अख्खा गोल चार नोडमध्ये होतो हो! फुटक्या फोटोतला एकेक पिक्सेल ट्रेसने पायरीसारखा उचललेला असतो, मग ब्लेड दर पायरीला वळतं.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) तोंडावर, ऐन लग्नसराईत, ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "बोर्ड गेला असेल, पाठवून द्या." पाठवलं. अठरा दिवसांनी मशीन परत आलं, सोबत ४२०० चं बिल, आणि त्याच फाइलवर पुन्हा तोच हिसका. "फाइल दाखवा" एवढं एकानेही म्हटलं नाही. सीझन गेला तो गेलाच. अजूनही आठवलं की डोकं फिरतं, जाऊ द्या.

त्या रागात मी दुसरा घोळ घातला. सगळे नोड सिलेक्ट करून रिड्यूस नोड्सचा (नोड कमी करायचा) स्लायडर पार टोकाला नेला. शिंगं झकास झाली, नंदीचा डोळा मात्र बटाटा झाला. म्हणून तुकड्या-तुकड्याने कमी करा. शिंगाच्या टोकाला कस्प (टोकदार नोड) ठेवा, वळणावर स्मूथ (गोलसर नोड). माझं विचाराल तर ट्रेसच्या नादी लागूच नका. फोटो लॉक करून वरून बेझियरने (वळणदार रेषा काढायचं टूल) हाताने काढा, वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांना हे पटणार नाही, ठीक आहे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं नावही टाकणार असाल तर कर्व्ह करण्याआधी (अक्षरांचं रेषांत रूपांतर करण्याआधी) मूळ टेक्स्टची कॉपी बाजूला ठेवा, ऱ्हस्व-दीर्घ ऐनवेळी बदलतात. मग वायरफ्रेममध्ये (रंगाशिवाय नुसत्या रेषा दिसतात तसं) बघा. शिरोरेषेच्या जोडांवर उभ्या रेघा दिसल्या तर आधी वेल्ड (जोडून एकच आकार) करा, नाहीतर रेडियम उचलताना एकेक अक्षर सुटं होऊन हातात येतं.

मी जुनं व्हर्जन वापरतो, तुमच्याकडे बटणं इकडे-तिकडे असतील. नोडचा आकडा तेवढा इथे टाका.