मेणबत्ती विझेपर्यंत टिकणारा स्पेल किती लेव्हलचा?

प्रश्न : आमच्या ग्रुपमधे आर्स मॅजिका (जादूगारांचा रोलप्लेइंग गेम) चालू आहे, पाचवी एडिशन, जीएम (गेम चालवणारा) मीच. एका प्लेअरला स्वतःचं ड्युरेशन, म्हणजे स्पेल टिकण्याची मुदत, बनवायचंय, ‘मेणबत्ती जळतेय तोवर’. त्याचं म्हणणं, डायमीटर म्हणजे जेमतेम दोन मिनिटं, त्यात काय होतंय, आणि सन (पुढच्या सूर्योदय-सूर्यास्तापर्यंतचं) घेतलं की स्पेल लगेच महाग होतो, मग मधलं काहीतरी दे ना. तर त्याला +१ मॅग्निट्यूड (लेव्हल वाढवायची पायरी, बहुतेक पाच लेव्हलची) लावू का +२? आणि उद्या सगळेच असं मागत सुटले तर?

उत्तर : +२ लावा. दीड मॅग्निट्यूड वगैरे काढायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, पुढे प्रत्येक स्पेलला हिशोब घालत बसाल.

आधी बघू की भांडण नेमकं कितीचं आहे. माणूस अदृश्य करणारा नेहमीचा स्पेल घ्या, व्हेल ऑफ इन्व्हिजिबिलिटी, पेर्डो इमागिनेम (प्रतिमा नष्ट करायची जादू) लेव्हल २०. बेस (मूळ लेव्हल) ४, टचचा (स्पर्शाच्या रेंजचा) एक मॅग्निट्यूड म्हणजे ५ (पाचच्या खाली एकेक लेव्हलच वाढते, हे विसरतात लोक), सनचे दोन म्हणजे १५, आणि माणूस हलणार, त्याची इमेज बदलत राहणार त्याचा एक, झाले २०. सनच्या जागी डायमीटर टाकलं की १५. म्हणजे तुमचा प्लेअर पाच लेव्हलसाठी घासाघीस करतोय, आणि नवीन मेगससाठी (जादूगारासाठी) ते काही कमी नाहीत, लॅबमधे तेवढ्यासाठी कधीकधी तीन महिन्यांचा अख्खा सीझन जातो, त्यामुळे त्याचा हट्ट कळतो मला.

पण +१ दिलं तर पुढच्याच सेशनला तो मांडीएवढी जाड मेणबत्ती घेऊन येईल बघा. ड्युरेशनची किंमत ठरवताना किती वेळ टिकतं एवढंच बघू नका, ते संपतं कधी हे कोणाच्या हातात आहे ते बघा. सन पुढच्या सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला संपतं, मावळतीच्या जरा आधी टाकलात तर काही मिनिटांत खेळ खलास, मेगस कितीही मोठा असो. रिंग हे आखलेल्या वर्तुळाचं ड्युरेशनसुद्धा +२ च आहे, वर्तुळ मोडत नाही आणि आतला बाहेर पडत नाही तोवर वर्षानुवर्षं चालेल, पण जागेला जखडलेलं. मेणबत्ती सूर्यास्त ओलांडून जाते आणि हवी तेव्हा फुंकर मारून संपवता येते, ही चांगलीच सोय झाली, म्हणून +२, आणि वर अडचणीही हव्यात. स्पेल टाकतानाच पेटवायची, मधे मेण घालायचं नाही, विझली की स्पेल गेला, परत पेटवून येणार नाही. आणि मुख्य म्हणजे ज्याच्यावर स्पेल आहे त्याच्याजवळच पाहिजे, नाहीतर तळघरात कुलूप लावून ठेवेल आणि निवांत फिरेल. आता अदृश्य होऊन चोरी करायला निघालेला माणूस हातात पेटती मेणबत्ती घेऊन! मेणबत्ती दिसली नाही तरी तिचा उजेड लपणार नाही असं मी तरी धरेन, तो कसा लपवायचा हे त्याचं त्याला बघू द्या, तुमचं अर्धं सेशन त्यातच निघेल.

सगळे मागत सुटतील त्याचं म्हणाल तर मेरिनिटा हाउसच्या (गेममधल्या जादूगारांच्या एका घराण्याच्या) फेअरी मॅजिकमधे फायर, अनटिल, बार्गेन अशी वेगळी ड्युरेशन्स आहेतच, मेरिनिटावाला असेल तर आधी ती वाचायला सांगा. बाकीच्यांनी लॅबमधे संशोधन करून मिळवावं, फुकट काही नाही. आणि कोणी ‘शपथ मोडेपर्यंत’ वगैरे घेऊन आलं तर सावध, ते सहज वर्षभर चालेल, आणि इयर ड्युरेशनला रिच्युअल (विधी) लागतो, दर मॅग्निट्यूडला एक पॉन (माप) व्हिस, म्हणजे साठवलेली जादू, खर्च होते. नवीन नाव देऊन तो खर्च चुकवता येता कामा नये.

प्रश्न : आम्ही डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) फिफ्थ एडिशन खेळतो. माझ्या होमब्रू (स्वतः बनवलेल्या) तिसऱ्या लेव्हलच्या आगीच्या स्पेलला ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) डॅमेज ठेवलंय, जीएम म्हणतो जास्त आहे. पण त्याच लेव्हलच्या फायरबॉल स्पेलला तेवढंच आहे की!

उत्तर : जीएमचं बरोबर आहे. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमधे स्पेल बनवायचं टेबल आहे, त्यात तिसऱ्या लेव्हलला अनेक टार्गेट असतील तर ६डी६ आणि एकच असेल तर ५डी१० दिलंय. फायरबॉल त्या टेबलच्या वर आहे, सरासरी २१ च्या जागी २८, वर दीडशे फूट रेंज आणि वीस फूट रेडियस, त्याला मापदंड धरलं तर बाकीचे सगळेच स्पेल फिके पडतात. टेबलने सेव्ह (फासा टाकून बचाव) केल्यावर अर्धं डॅमेज धरलेलं आहे, तुमच्या स्पेलमधे सेव्ह केल्यावर काहीच लागत नसेल तर पंचवीस टक्के वाढवता येतं. म्हणजे ७डी६ मागून बघा, बहुतेक मिळेल.