मुलुंडच्या टेरेसवर आईबाबांना जानेवारीत रात्री गारठा लागतो, कुठला इलेक्ट्रिक हीटर घेऊ आणि कसा लावू?

ब्लोअर किंवा ऑइलवाला अजिबात घेऊ नका, तो हवा गरम करतो आणि उघड्या टेरेसवर ती हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. इन्फ्रारेड घ्या, त्याची ऊब उन्हासारखी थेट अंगावर येते, आणि मुंबईच्या थंडीत चार खुर्च्यांना २००० वॅटचा एक पुरेसा आहे. विकत घेताना आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा) बघाच, पाऊस लागणार असेल तर आयपी ६५ बघा आणि जून ते सप्टेंबर तरीही झाकून ठेवा किंवा काढून ठेवा.

वायरिंगमध्ये मात्र पैसे वाचवू नका प्लीज. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर करंट, मोबाईल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावलात तर प्लग गरम होऊन प्लास्टिक वितळतं, आमच्याकडे पिवळा पडून वास यायला लागला तेव्हा कळलं. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), आणि हे सगळं लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच.

हीटर साधारण सात-साडेसात फुटांवर, खुर्च्यांकडे तिरका. भिंत विटांची असेल तर प्लास्टरमधून थेट विटेत जाणारे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, साधे आपल्या दमट हवेत गंजतात. वर फायबरचा पत्रा किंवा ताडपत्री असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर ठेवाच, बाजूला वाळत घातलेले कपडे पण नकोत.

खर्च म्हणाल तर तासाला २ युनिट.