टेक्सासमध्ये 'थर्ड डिग्री फेलनी' लागली तर किती वर्षांची शिक्षा होते?

तुमचा भाचा एच-वन-बी व्हिसावर आहे आणि बायकोशी झालेल्या भांडणातून त्याच्यावर थर्ड डिग्री फेलनीचा आरोप लागलाय, म्हणून आधी आकडे सांगतो. फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, आणि डिग्री म्हणजे त्याची श्रेणी. टेक्सासमध्ये थर्ड डिग्रीला २ ते १० वर्षं, सेकंडला २ ते २०, फर्स्टला ५ ते ९९ किंवा जन्मठेप. सगळ्यात खालची स्टेट जेल फेलनी, १८० दिवस ते २ वर्षं. शिवाय १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आधी स्टेट जेल सोडून दुसऱ्या एखाद्या फेलनीत शिक्षा झालेली असेल, तर थर्डला सेकंडची शिक्षा लागते.

घरगुती मारहाण पहिल्यांदाच झाली असेल तर ती बहुतेक वेळा क्लास ए मिस्डिमीनर, म्हणजे फेलनीपेक्षा हलका गुन्हा, जास्तीत जास्त एक वर्ष. पण गळा किंवा नाक-तोंड दाबून श्वास अडवल्याचं तक्रारीत आलं, की तीच केस थर्ड डिग्री होते. भाच्याचं बहुधा हेच झालं असावं. आरोपपत्र वाचून खात्री करा.

खरी काळजी पुढे आहे. सरकारी वकील 'डिफर्ड अ‍ॅड्ज्युडिकेशन' देऊ करतील: गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीश दोषी ठरवणं पुढे ढकलतात, काही वर्षं प्रोबेशन पाळायचं, म्हणजे बाहेर राहून देखरेखीखाली अटी पाळायच्या, मग केस बंद. ऐकायला छान वाटतं, आणि लोक घाईघाईत सही करतात. यात दोन खड्डे आहेत. अट मोडली, तर न्यायाधीशांना २ ते १० वर्षांमधली कुठलीही शिक्षा देता येते. दुसरा खड्डा जास्त खोल आहे: टेक्सासचा कायदा याला दोषसिद्धी मानत नसला तरी इमिग्रेशन कायदा मानतो, कारण कबुली दिलेली असते आणि बंधनं घातलेली असतात. साध्या प्रोबेशनमध्ये, म्हणजे दोषी ठरवून कैद स्थगित ठेवतात तेव्हाही, ती कैद इमिग्रेशनसाठी मोजली जाते. हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्षाची कैदही देशाबाहेर काढायला पुरते, आणि इथे किमानच २ वर्षं आहेत.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी खटल्यात सांगितलंय, की कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर बचाव वकिलाने तो अशिलाला सांगायलाच हवा. म्हणून सहीआधी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्यायला लावा. कागदावर कुठलं कलम आहे आणि 'फॅमिली व्हायोलन्स' (घरगुती हिंसा) किंवा 'डेडली वेपन'चा (जीवघेण्या हत्याराचा) निष्कर्ष कोर्टाने नोंदवलाय का, हेही त्याला दाखवा. हत्याराचा निष्कर्ष असेल, तर निम्मी शिक्षा भोगल्याशिवाय पॅरोलचा, म्हणजे मुदतीआधी सुटकेचा, विचारच होत नाही.