वाचक विचारतात : बुडता बुडता वाचलेली कंपनी चांगली गाडी बनवू शकते का?

प्रश्न : क्रायस्लर, जनरल मोटर्स, फोर्ड या कंपन्या अधूनमधून बुडायच्या बेतात येतात आणि वाचतात. अशी कंपनी टोयोटा-ह्युंदाईच्या तोडीची गाडी खरंच बनवू शकते का?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बनवू शकते. मात्र कंपनी वाचवणं हे एक काम आणि गाडी सुधारणं हे दुसरं. पहिलं काही आठवड्यांतही उरकतं. जनरल मोटर्सने 1 जून 2009 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 10 जुलैला ती नवी कंपनी म्हणून बाहेरही पडली. अमेरिकी सरकारने सुमारे 50 अब्ज डॉलर ओतले. तिचे पाँटिॲक, सॅटर्न, हमर हे ब्रँड बंद झाले, साब विकली गेली. फोर्डने मंदी यायच्या आधीच, 2006च्या अखेरीस, 23.6 अब्ज डॉलर उभे केले. त्यासाठी कारखान्यांपासून निळ्या बोधचिन्हापर्यंत सगळं तारण ठेवलं. 2008 मध्ये जग्वार-लँड रोव्हर टाटा मोटर्सला 2.3 अब्ज डॉलरना विकली. दिवाळखोरी टळली आणि 2012 मध्ये बोधचिन्हही सुटलं.

पैशाचा गाडीशी संबंध असतोच. जनरल मोटर्सवर निवृत्त कामगारांच्या आरोग्यविम्याचा भार दर गाडीमागे सुमारे 1,500 डॉलर पडायचा. मोठ्या पिकअपच्या किमतीत तो खपून जातो. छोट्या गाडीत तेवढा नफाच नसतो, मग काटछाट होते ती आतल्या प्लास्टिकमध्ये, सीटमध्ये, सस्पेन्शनच्या बुशमध्ये. ग्राहकाच्या हाताला नेमकं तेच लागतं. हा भार कामगार संघटनेच्या ट्रस्टकडे गेल्यावर छोट्या गाडीत पैसे घालणं शक्य झालं.

पण पैसे आले तरी शॉपफ्लोअरवरची सवय बदलत नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे. कॅलिफोर्नियातला फ्रेमाँटचा कारखाना जनरल मोटर्सने 1982 मध्ये बंद केला. तिथे रोज पाचातला एक कामगार गैरहजर असायचा. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ नावाने सुरू झाला, बहुतेक जुनेच कामगार घेऊन. फरक एवढाच की बोल्ट नीट बसला नाही, तर कामगाराने डोक्यावरची दोरी ओढायची. टीम लीडर धावत येणार, दोष तिथल्या तिथे काढणार, नाही निघाला तर गाड्या जुळवण्याची अख्खी लाइन थांबणार. थोड्याच काळात तिथल्या गाड्या टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या दर्जाला पोहोचल्या. म्हणजे अमेरिकी कामगाराच्या हातात दोष नव्हता. तरीही ही पद्धत जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांत रुजायला कितीतरी वर्षं गेली, कारण तिथे व्यवस्थापकाची किंमत दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावर ठरायची. लाइन थांबवणारा त्यांच्या दृष्टीने गुन्हेगार.

काम न थांबवता दोष पुढे ढकलायची हीच सवय 2014 मध्ये भोवली. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन या गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये किल्लीला ‘रन’वर रोखून धरणारा स्प्रिंगवरचा छोटा प्लंजर कमी जोराचा होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला, की किल्ली ‘ॲक्सेसरी’वर घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅगही फुगायची नाही. पुढे जास्त लांबीचा प्लंजर बसवला गेला, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे जुन्या-नव्या गाड्यांतला फरक शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळेना. जगभरातल्या सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. या दोषापायी गेलेल्या 124 जणांच्या कुटुंबांना कंपनीच्या निधीतून भरपाई मिळाली. भाग बदलला की नंबर बदलायचा, हा सुट्या भागांच्या कुठल्याही कारखान्यातला पहिला नियम. तो मोडणं अक्षम्य होतं.

कंपनी सावरते आहे का, हे बघायचं तर तिमाही नफ्याच्या बातम्यांवर जाऊ नका. डीलरकडे किती दिवसांच्या विक्रीला पुरेल एवढा साठा पडून आहे ते बघा. अमेरिकेत साधारण 60 दिवसांचा साठा ठीक मानतात. शंभरावर गेला की सवलतींचा मारा ठरलेला. क्रायस्लर आज जिच्याकडे आहे त्या स्टेलँटिसचं 2024 मध्ये हेच झालं : जीप आणि रॅमच्या किमती वाढवत नेल्या, गाड्या डीलरकडे साचल्या, डिसेंबरात मुख्य कार्यकारी अधिकारी कार्लोस ताव्हारेस यांना पायउतार व्हावं लागलं. दुसरं, वॉरंटीवरचा खर्च. फोर्ड आज तिथेच अडकली आहे; 2025 मध्ये तिने रिकॉलच्या, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याच्या, संख्येचा विक्रम केला. तिसरं, नवी गाडी येतेय का. क्रायस्लर या नावाखाली आज फक्त मिनीव्हॅन उरली आहे. नव्या मॉडेलला चार-पाच वर्षं लागतात, म्हणून आजची रिकामी शोरूम ही तेव्हाच्या कपातीची फळं.

प्रश्न : मुलासाठी जुनी फोर्ड फोकस ऑटोमॅटिक स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?
— एक वाचक, नोव्हाय (मिशिगन)

उत्तर : 2012 ते 2016ची फोकस किंवा 2011 ते 2016ची फिएस्टा असेल आणि गिअरबॉक्स ‘पॉवरशिफ्ट’ असेल, तर नको. त्यात दोन कोरडे क्लच आहेत. इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून क्लचवर येतं, क्लच धड पकडत नाही, धड सुटत नाही, आणि गाडी हिसके देते. सॉफ्टवेअर अपडेटने तेल थांबत नाही. कंट्रोल मॉड्यूलही दगा देतं, मग गाडी चालता चालता न्यूट्रल होते. घ्यायचीच झाली तर वीस मिनिटं चालवून गरम करा, मग चढावर ॲक्सिलरेटर हलका ठेवून 5 ते 20 मैलांच्या वेगात न्या. थरथर तिथेच कळते. सतरा अंकी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर घालून बाकी राहिलेले रिकॉल बघा. हीच गाडी मॅन्युअल गिअरची मिळाली तर हा त्रास नाही.

प्रश्न : जनरल मोटर्स सावरली, मग तळेगावचा कारखाना का सोडला?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : सावरण्याच्या धोरणातच ते बसत होतं. जिथे नफा नाही तिथून निघायचं, असं ठरल्यावर 2017 मध्ये युरोपातली ओपेल विकली आणि त्याच वर्षी भारतातली विक्री थांबवली. तळेगावातून निर्यात चालू होती, तीही डिसेंबर 2020 मध्ये बंद पडली. नंतर कारखाना ह्युंदाईने घेतला. अमेरिकेतल्या पिकअपवर मिळणाऱ्या नफ्यापुढे शेव्हरोले बीटसारख्या छोट्या गाडीचा नफा कंपनीला नगण्य वाटला. त्याची किंमत इथल्या कामगारांनी मोजली.