जुनं कार्ड, नवं कार्ड आणि कागदावरचे आकडे

प्रश्न : माझ्याकडे २०१७चं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. आरटीएक्स ४०६० घ्यायचं म्हणतोय. पण त्यात मेमरी, बस (चिप आणि मेमरीमधल्या वाटेची रुंदी), कोअर (चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग) सगळंच कमी. मग ते नवं कसलं?

उत्तर : आकडे तुम्ही बरोबर वाचलेत. ११ जीबीऐवजी ८, ३५२ बिटऐवजी १२८, ३५८४ कोअरऐवजी ३०७२. पण पिढी बदलली की नुसते कोअर मोजून काही कळत नाही. नव्या चिपमध्ये एल-टू कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) २४ एमबी आहे, जुन्यात तीनसुद्धा नाही. त्यामुळे मेमरीकडे सारखं धावावं लागत नाही. वीज २५० वॅटवरून ११५वर येते. रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचे) वेगळे कोअर तर जुन्यात नाहीतच. तरीही ८ जीबी मला खटकतं. मोठी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं, ती कार्डच्या मेमरीत ठेवावी लागतात) वापरत असाल, तर १२ जीबीच्या खालचं कार्ड घेऊच नका.