टाइप २ मधुमेहात सुई न टोचता इन्सुलिन घेता येतं का?

येतं, पण फक्त जेवणावेळचं. अफ्रेझा ही तोंडाने श्वासातून ओढायची इन्सुलिनची पावडर आहे. अमेरिकेत तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली, भारतात डिसेंबर २०२४ मध्ये सिप्लाला परवानगी मिळाली. दिवसभर पुरणारं बेसल इन्सुलिन चालू असेल, तर ते टोचावंच लागेल.

कार्ट्रिज, म्हणजे इनहेलरमध्ये (ओढायच्या उपकरणात) बसवायची पावडरची छोटी कुपी, ४, ८ आणि १२ युनिटची येते. फ्रिजमधून काढून १० मिनिटं बाहेर ठेवा आणि जेवायला सुरुवात करतानाच ओढा. बहुतेक चूक होते ती यानंतर: कार्ट्रिज बसवल्यावर इनहेलर आडवाच धरायचा. तो उलटा झाला, हलवला, पडला किंवा तोंडाकडची बाजू खाली झुकली, तर पावडर सांडून डोस कमी पडतो आणि जेवणानंतर साखर चढते. अशा वेळी ओढण्याआधीच ती कार्ट्रिज टाकून नवी लावा. इनहेलर धुवू नका. १५ दिवसांनी बदला.

दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा श्वास अडवणारा जुनाट आजार) असेल तर हे अजिबात नको, श्वासनलिका अचानक आवळू शकते. धूम्रपान करणाऱ्यांनीही टाळावं. सुरू करण्यापूर्वी स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) कराच, मग सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. खोकला बऱ्याच जणांना येतो. साखर एकदम उतरण्याचा धोका इथेही आहे, ग्लुकोज खिशात हवं.