नोकरीची पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नका

डोंबिवलीत आई-वडिलांसोबत राहणारे 27 वर्षांचे एक वाचक विचारतात: पवईतील कंपनीत सव्वाचार वर्षे नोकरी झाली असून पगार हातात 50,000 रुपये येतो. गेले आठ महिने खार आणि अंधेरी येथील ओपन माइकवर, म्हणजे नवोदितांना काही मिनिटे मंच देणाऱ्या कार्यक्रमांत, स्टँडअप कॉमेडी करत आहे. राजीनामा देऊन, मुदत ठेवीतील 4 लाख आणि पीएफमधील सुमारे 3 लाख रुपयांवर दोन वर्षे फक्त हेच करावे का?

तुम्ही साठ ओपन माइकचा हिशेब लिहून ठेवला आहे, याचे मला फार समाधान वाटले. स्पॉटचे (मंचावरील वेळेचे) शुल्क, प्रवास आणि शेवटची लोकल चुकल्यावर केलेली रिक्षा मिळून 22,000 रुपये खर्च झाले आणि तीन सशुल्क कार्यक्रमांतून 4,500 रुपये मिळाले. हा तोटा मी अपयश मानत नाही. चार-पाच मिनिटांचा सेट पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या प्रेक्षकांपुढे मांडल्याशिवाय तो घट्ट होत नाही, आणि ती या कलेची शिकवणीच आहे. मात्र जोपर्यंत ती शिकवणी आहे तोपर्यंत तिचा खर्च पगारातून भागावा, आयुष्यभराच्या पुंजीतून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या पत्रानुसार घरी देण्याचे 15,000, स्वतःचे 12,000 आणि शैक्षणिक कर्जाचा 7,500 रुपयांचा हप्ता, असा दरमहा 34,500 रुपयांचा न टळणारा खर्च आहे. आज राजीनामा दिलात, तर 4 लाखांची ठेव साडेअकरा महिन्यांत संपेल आणि पुढचे वर्ष पीएफ मोडून काढावे लागेल. येथेच खरी अडचण आहे. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी पीएफ काढल्यास मालकाचा हिस्सा आणि व्याज करपात्र ठरते. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्कही तुमच्यासारख्या कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षांनंतरच मिळतो. म्हणजे केवळ नऊ महिन्यांसाठी तुम्ही दोन्ही गोष्टींवर पाणी सोडणार आहात.

तुमचे मूळ वेतन 30,000 रुपये आहे. दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन आणि महिन्याचे 26 दिवस या सूत्राने पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 86,500 रुपये होते. या नऊ महिन्यांत 5,000 रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) चालू ठेवूनही दरमहा 10,500 रुपये, म्हणजे एकूण 94,500 रुपये बाजूला पडतील. ठेवीसह ही रक्कम 5 लाख 81 हजारांवर जाते. तोपर्यंत कर्जाचे अकराच हप्ते उरतील. ते एकदम फेडले तरी हाती सुमारे 5 लाख राहतील आणि खर्च 27,000 वर येईल. राजीनाम्यानंतर एसआयपी थांबवावी लागेल, हे मी गृहीत धरले आहे. त्या हिशेबाने पीएफला हात न लावता तुम्हाला अठरा महिने मिळतात.

मला अधिक काळजी आरोग्यविम्याची वाटते. वडिलांना मधुमेह आहे आणि तिघांचे संरक्षण कंपनीच्या सामूहिक विम्यावर अवलंबून आहे. नोकरीबरोबर तेही संपेल. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो, म्हणून तो नोकरीत असतानाच सुरू झालेला बरा. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, याची चौकशी राजीनाम्यापूर्वीच लेखी करा, कारण त्यात आधीच्या प्रतीक्षेचे श्रेय मिळू शकते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, एवढा दिलासा आहे. हा हप्ता वरच्या अठरा महिन्यांतून वजा होईल, हे मात्र लक्षात ठेवा. वडिलांचे वय पाहता तो लहान नसेल.

नोकरी सांभाळून मंच करता येतो का, याचे उत्तर मराठीत आपल्यासमोर आहे: ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चे प्रा. लक्ष्मण देशपांडे विद्यापीठात शिकवत असतानाच एकपात्री प्रयोग करत होते. तुमच्यासाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी पुरेशा आहेत. त्यासाठी दरमहा 3,000 रुपयांची मर्यादा ठेवा आणि ही रक्कम स्वतःच्या 12,000 मध्येच बसवा. स्वतःच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण करण्यासाठी 2 लाखांचे वैयक्तिक कर्ज घेण्याचा विचार कृपया सोडून द्या. वीस मिनिटांचा पक्का सेट तयार नसताना महागड्या कॅमेऱ्याने काहीही साधणार नाही.

आणखी एक बाब आजच तपासा. नियुक्तिपत्रात बाहेरच्या उत्पन्नाला मनाई असेल, तर सशुल्क कार्यक्रमांसाठी लेखी परवानगी घ्या. मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला गेला, तर त्याची नोंद ठेवून विवरणपत्रात तो दाखवा. सेवांसाठीची 20 लाखांची जीएसटी मर्यादा अजून दूर आहे.

नऊ महिन्यांनंतरही राजीनामा आपोआप देऊ नये. त्याआधीच्या सहा महिन्यांत मंचावरून दरमहा सरासरी 8,000 रुपये येत असतील आणि आयोजक स्वतःहून बोलावत असतील, तर मी तुम्हाला अडवणार नाही. तेव्हा 27,000 पैकी 8,000 मंच देईल आणि ठेव दोन वर्षांहून अधिक पुरेल. तसे नसेल, तर आणखी सहा महिने नोकरी ठेवा. दरम्यान, या आठवड्यात विम्याच्या चौकशीचे पत्र मनुष्यबळ विभागाला पाठवा.